तीन वर्षांच्या मुलासाठी तीन दिवसांचे प्रशिक्षण

सातारा किंवा सांगली जिल्ह्यातल्या अनेक गावांत अंगणवाडी आणि जिल्हा परिषदेची शाळा एकाच आवारात भरतात. मधे एखादी भिंत असते, कधी नुसता व्हरांडा. भिंतीच्या एका बाजूला पहिलीचा वर्ग. तिथल्या शिक्षकाने बारावीनंतर दोन वर्षांची अध्यापन पदविका घेतलेली असते, शिक्षक पात्रता परीक्षा दिलेली असते, अभियोग्यता चाचणी आणि पवित्र पोर्टल यांतून तो निवडून आलेला असतो. दुसऱ्या बाजूला तीन ते सहा वर्षांची वीस-पंचवीस मुले. त्यांच्या सेविकेला नियुक्तीनंतर काही आठवड्यांचे प्रशिक्षण मिळते आणि त्यात आहार, लसीकरण, वजन-उंची, नोंदवह्या यांचाच वाटा मोठा असतो. बालशिक्षणावर भर देणारा ‘पोषण भी, पढाई भी’ हा केंद्र सरकारचा कार्यक्रम १० मे २०२३ रोजी सुरू झाला. त्यातले सेविकांचे प्रशिक्षण तीन दिवसांचे आहे.

एका बाजूला दोन वर्षे, दुसऱ्या बाजूला तीन दिवस. मूल जितके लहान तितकी त्याच्या शिक्षकाची तयारी कमी असली तरी चालते, असा हा अलिखित नियम आहे आणि तो कोणालाच फारसा खटकत नाही. पालकांना नाही, शिक्षण खात्याला नाही, शिक्षक संघटनांनाही नाही. वास्तविक बोलणे, ऐकणे, मोजणे, चार मुलांत मिसळणे, हातातली वस्तू नीट न्याहाळणे या सगळ्याची बैठक सहाव्या वर्षाआधीच बसते. म्हणून हा नियम बदलायला हवा. तो कसा बदलायचा हे शोधायला दूर जाण्याचे कारण नाही. त्याचे बरेचसे धडे याच दोन जिल्ह्यांनी गिरवलेले आहेत.

सावित्रीबाई फुले यांचा जन्म ३ जानेवारी १८३१ रोजी सातारा जिल्ह्यातल्या नायगावचा. १८४८च्या भिडे वाड्यातल्या शाळेची आठवण सगळ्यांना असते, पण सावित्रीबाईंनी अध्यापनाचे रीतसर शिक्षण घेतले होते याकडे कमी लक्ष जाते. अहमदनगरला मिस फरार आणि पुण्यात मिसेस मिचेल यांच्याकडे त्या शिकवायला शिकल्या. ज्या काळात बाईने अक्षर गिरवणे हेच पाप समजले जाई, त्या काळात शिकवणे हे शिकावे लागते, ही जाण फुले दांपत्याला होती. कर्मवीर भाऊराव पाटील यांचे मूळ गाव सांगली जिल्ह्यातले ऐतवडे बुद्रुक आणि कर्मभूमी सातारा. १९१९ साली काले इथे स्थापन झालेल्या रयत शिक्षण संस्थेने १९३५ मध्ये साताऱ्यात सिल्व्हर ज्युबिली रूरल ट्रेनिंग कॉलेज काढले. गावोगाव शाळा काढायच्या तर गावातच राहू शकेल असा प्रशिक्षित शिक्षक आधी तयार हवा, हे कर्मवीरांनी ओळखले होते. शिक्षक घडवण्याची एवढी जुनी परंपरा असलेल्या मुलखात सर्वांत लहान मुलांचा शिक्षक मात्र त्या परंपरेबाहेर राहिला.

मराठी बालशिक्षणाचा इतिहासही हेच सांगतो. ताराबाई मोडक राजकोटच्या बार्टन ट्रेनिंग कॉलेजात प्राचार्य होत्या. ते पद सोडून १९२३ मध्ये त्या भावनगरला गिजुभाई बधेका यांच्या बालशिक्षणाच्या कामात सामील झाल्या. १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ निघाला. भावनगरात बालमंदिराच्या जोडीला अध्यापन मंदिर होते, पुढे दादरच्या शिशुविहारातही तीच जोडी राहिली. १९४५ मध्ये ताराबाई बोर्डीला आल्या आणि १९५७ मध्ये काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. त्यांच्या सहकारी अनुताई वाघ बोर्डीत आल्या तेव्हा त्यांच्या गाठीशी प्राथमिक शाळेतला बऱ्याच वर्षांचा अनुभव होता. तरीही बालवाडीचे काम त्यांना नव्याने शिकावे लागले. शंख-शिंपले, बिया, पाने, माती, बांबू यांतून साधने करणे, मूल शाळेत येत नसेल तर त्याच्या अंगणात बालवाडी भरवणे, गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणात शाळा नेणे हे सगळे मुलांमध्ये राहून घडले. आज देशभर रूढ असलेल्या अंगणवाडी या कल्पनेमागे बोर्डीचा तो अनुभव आहे. २ ऑक्टोबर १९७५ रोजी एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली तेव्हा अंगणवाडी हे नाव देशाने स्वीकारले. बालवाडीच्या शेजारीच शिक्षिका घडवण्याची ताराबाईंची पद्धत मात्र स्वीकारली नाही.

‘लहान मुलांना काय शिकवायचे? माया हवी, बस्स,’ असे अनेक जण मनापासून म्हणतात. माया हवीच, तिच्याशिवाय या वयात काहीच उभे राहत नाही. पण एखादे मूल एक ते शंभर अंक घडाघड म्हणून दाखवते आणि ‘पाच वाट्या आण’ म्हटल्यावर सात आणते, तेव्हा त्याचे काय चालले आहे हे केवळ मायेने कळत नाही. म्हणणे आणि मोजणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एका वस्तूला एकच अंक आणि शेवटचा अंक म्हणजे एकूण संख्या, हे उमगायला मुलाला कितीतरी वेळा खडे, चिंचोके, मणी हाताळावे लागतात. पाच खडे जवळजवळ मांडले आणि तेच पाच लांबलांब पसरले, तर लांब मांडलेले जास्त आहेत असे चार वर्षांचे मूल ठामपणे सांगते. प्रशिक्षित बाई त्याला चूक म्हणत नाही, पुन्हा मांडायला देते. अप्रशिक्षित बाई पाटीवर पाच गिरवून घेते.

लिहिण्याचेही तसेच आहे. तीन वर्षांच्या मुलाच्या बोटांत पेन्सिल पेलण्याइतकी ताकद नसते. कागद फाडणे, मणी ओवणे, पीठ मळणे, दोरीची गाठ सोडवणे हेच त्या वयाचे लेखन असते. वाचनाची तयारी गाण्यांतून, यमकांतून, ‘क वरून सुरू होणारी वस्तू शोध’ अशा आवाजांच्या खेळांतून होते. कोणते मूल हाकेला वळत नाही, कोणाला दूरचे दिसत नाही, कोण तीन वर्षांचे होऊनही दोन शब्द जोडत नाही, हे सर्वांत आधी बालवाडीतल्या बाईच्या नजरेत यायला हवे. ही नजर जन्मजात नसते. ती अभ्यासाने, निरीक्षणाने आणि कोणीतरी अनुभवी व्यक्ती शेजारी बसून दाखवत राहिल्याने येते.

शहरांतल्या आणि तालुक्याच्या गावांतल्या पालकांना वाटते की हा सारा प्रश्न अंगणवाडीचा आहे, आपले मूल नर्सरीत जाते. कराड, विटा, तासगाव, फलटण, वाई, कुठेही गेले तरी नर्सरी, ज्युनिअर केजी, सीनिअर केजीच्या रंगीत पाट्या दिसतात. या वर्गांना शिकवणाऱ्या बाईंचे शिक्षण काय असावे, याचे सक्तीचे बंधन महाराष्ट्रात प्रत्यक्षात नाही. कायदाच सहाव्या वर्षापासून सुरू होतो. २००२च्या ८६व्या घटनादुरुस्तीने ६ ते १४ वर्षांच्या मुलांना शिक्षणाचा मूलभूत हक्क दिला. सहा वर्षांखालच्या मुलांसाठी कलम ४५ मध्ये राज्याने प्रयत्न करावेत एवढेच म्हटले. शिक्षण हक्क कायद्याचे कलम ११ देखील सरकार व्यवस्था ‘करू शकेल’ इतक्यावर थांबते. राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या २०१४च्या नियमांत पूर्वप्राथमिक शिक्षणाची दोन वर्षांची पदविका आहे. पण ती असल्याशिवाय नोकरी मिळणार नाही अशी अट नसल्याने ती घेण्याचे कारण कोणाला उरत नाही. मग बाजारात काही महिन्यांचे, कधी काही आठवड्यांचे खासगी कोर्स चालतात. त्यांची प्रमाणपत्रे भिंतीवर लागतात आणि वर्गात तीन वर्षांची मुले इंग्रजी मुळाक्षरे गिरवत बसतात.

आसाम, राजस्थान आणि तेलंगणा या राज्यांत सुमारे १४ हजार मुलांचा काही वर्षे मागोवा घेणारा एक मोठा अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. आंबेडकर विद्यापीठ, असर केंद्र आणि युनिसेफ यांनी मिळून तो केला होता. त्यातून दिसले की सरकारी अंगणवाड्या आणि खासगी नर्सऱ्या दोन्हींकडे वयाला साजेसे शिक्षण क्वचितच मिळते. एकीकडे शिकणे कमी, दुसरीकडे पहिलीचाच अभ्यास दोन वर्षे आधी. पैसे मोजणाऱ्या पालकाच्या मुलालाही प्रशिक्षित शिक्षक मिळत नाही, हा त्याचा सरळ अर्थ. म्हणून हा प्रश्न गरिबांपुरता नाही.

सातारा-सांगलीत या प्रश्नाला आणखी काही पदर आहेत. जत तालुक्याच्या सीमेलगतच्या गावांत घरात कन्नड बोलली जाते, तिथे जिल्हा परिषदेच्या कन्नड माध्यमाच्या शाळाही आहेत. पाटण आणि जावळीच्या डोंगरात, कोयनेच्या जलाशयाकाठी वस्त्या इतक्या विखुरलेल्या की अंगणवाडीत मोजकीच मुले, पण वये तीन ते सहा, सगळी एकाच खोलीत. खानापूर-आटपाडीची गलाई कामगार कुटुंबे सोन्या-चांदीच्या कामासाठी देशभर पांगलेली. मुले कधी परमुलखात, कधी आजी-आजोबांकडे. गळीत हंगामात कारखान्यांच्या परिसरात ऊसतोड कामगारांच्या कोप्या पडतात आणि चार-पाच महिन्यांसाठी शेकडो लहान मुले या भागात येतात. या प्रत्येक ठिकाणी शिक्षकाला वेगळे काही यावे लागते: दोन भाषांत गोष्ट सांगणे, मिश्र वयाचा वर्ग चालवणे, अर्ध्या वर्षासाठी आलेल्या मुलाला पहिल्याच आठवड्यात आपलेसे करणे. दिल्लीत तयार झालेल्या मोबाइलवरच्या व्हिडिओतून हे येणार नाही.

या कामात एक मोठी जमेची बाजू आहे आणि तिची दखल फारशी घेतली जात नाही. अंगणवाडी सेविका त्याच गावची रहिवासी असावी लागते. तिला मुलांची घरे, बोली, सणवार माहीत असतात. कोणाच्या घरी आजारपण आहे, कोणाचे वडील मुंबईला माथाडी कामाला आहेत, हे तिला विचारावे लागत नाही. बाहेरून बदलून आलेल्या शिक्षकाला जे कळायला वर्ष लागते ते तिच्याजवळ पहिल्या दिवसापासून असते. आता सेविकेसाठी बारावीची अट आहे, म्हणजे पुढचे शिक्षण घेण्याचा पायाही आहे. उणीव आहे ती त्या बाईच्या क्षमतेवर पैसा आणि वेळ खर्च करण्याच्या तयारीची.

असे खर्च केल्यावर काय होते, त्याची दोन उदाहरणे सातारा जिल्ह्यातच आहेत. अमेरिकेत जन्मलेल्या भाषाशास्त्रज्ञ मॅक्सीन बर्नसन यांनी फलटणच्या मराठी बोलीतल्या सामाजिक भेदांवर संशोधन केले, त्या तिथेच स्थायिक झाल्या आणि १९७८ मध्ये भारताच्या नागरिक झाल्या. शाळेबाहेर पडलेल्या दलित-बहुजन वस्त्यांतल्या मुलांना वाचायला शिकवता शिकवता १९८४ मध्ये प्रगत शिक्षण संस्था आणि १९८६ मध्ये कमला निंबकर बालभवन ही मराठी माध्यमाची शाळा उभी राहिली. मुलाची घरची बोली ही अडचण न मानता तिच्यावरच वाचन-लेखन उभे करायचे, हा या कामाचा गाभा. ज्यांच्या नावाने ही शाळा आहे त्या कमला निंबकर यांनी १९५० मध्ये मुंबईच्या केईएम रुग्णालयात ऑक्युपेशनल थेरपीचे प्रशिक्षण सुरू केले होते. माणसाच्या हातापायांच्या हालचालींकडे शास्त्रीय नजरेने पाहायला शिकवणारी ती विद्या. फलटणच्या या शाळेच्या अनुभवातून शिक्षकांना तयार करण्याचे काम वाढत गेले आणि वाचनाची एक पद्धत शाळेच्या भिंतीबाहेर गेली. शाळा आणि प्रशिक्षण एकमेकांच्या शेजारी ठेवण्याचा ताराबाईंचा विचार इथे पुन्हा दिसतो.

दुसरे उदाहरण सातारा तालुक्यातल्या कुमठे बीटचे, म्हणजे एका विस्तार अधिकाऱ्याकडच्या शाळांच्या गटाचे. शिक्षण विस्तार अधिकारी प्रतिभा भराडे यांनी आपल्या बीटमधल्या जिल्हा परिषद शाळांत ज्ञानरचनावादी पद्धत रुजवली. मुले जमिनीवर, खडूने आखलेल्या चौकटींत, खडे, काड्या, शब्दपट्ट्या घेऊन शिकू लागली. राज्यभरातून शिक्षक ते पाहायला येऊ लागले आणि २०१५ मध्ये सुरू झालेल्या ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ कार्यक्रमाच्या काळात कुमठ्याचे नाव गावोगाव पोहोचले. अधिकाऱ्याने तपासणीसाठी न येता शिक्षकांसोबत वर्गात बसणे, एका शाळेला जमलेले दुसऱ्या शाळेने प्रत्यक्ष पाहणे, चुकले तर पुन्हा करून बघणे, ही त्यामागची खरी मेहनत होती. अनेक ठिकाणी मात्र कुमठ्याची फक्त फरशी उचलली गेली. ऑइलपेंटने आकृत्या रंगवल्या, मुले त्यांच्यावर बसली आणि शिक्षक पूर्वीसारखाच पुढे उभा राहून शिकवत राहिला. प्रशिक्षणातली दीर्घ सोबत वगळली की काय उरते, याचा हा पुरावा आहे.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ने तीन ते आठ हा शिक्षणाचा पायाभूत टप्पा मानला. बारावी झालेल्या सेविकांसाठी सहा महिन्यांचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम आणि त्याहून कमी शिकलेल्यांसाठी वर्षाची पदविका सुचवली. दिशा योग्य आहे, पण हे प्रशिक्षण मुख्यतः दूरचित्रवाणी वाहिन्या आणि स्मार्टफोन यांवरून द्यावे, महिन्यातून किमान एकदा प्रत्यक्ष वर्ग व्हावा, असे धोरण म्हणते. दुसऱ्याचा वर्ग पाहणे, आपला वर्ग कोणालातरी दाखवणे आणि त्यावर बोलणे, या तीन गोष्टींशिवाय बालशिक्षक घडत नाही. फोन हा पूरक ठरू शकतो, गुरू नाही.

त्या फोनवर आधीच काय काय आहे, हेही पाहायला हवे. पोषण ट्रॅकर या सरकारी अ‍ॅपमध्ये रोजच्या नोंदी, आहार वाटपाची माहिती, गरोदर मातांची यादी. निवडणुका आल्या की मतदार याद्यांचे काम. २०२४ मध्ये लाडकी बहीण योजनेचे अर्ज. तमिळनाडूत ६४० अंगणवाड्यांमध्ये झालेल्या एका प्रयोगाने या ओझ्याचा हिशेब मांडला. कार्तिक मुरलीधरन आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या या अभ्यासात निम्म्या अंगणवाड्यांना फक्त बालशिक्षणासाठी अर्धवेळ जादा कार्यकर्ती दिली. शिकवण्याचा वेळ दुप्पट झाला, मुलांची भाषा आणि गणितातली प्रगती वाढली. शिवाय मूळ सेविकेला आहार-आरोग्याकडे लक्ष देता आल्याने कुपोषणही घटले. वेळ न देता दिलेले प्रशिक्षण कागदावर राहते, हे धोरण आखणाऱ्यांनी त्यातून शिकायला हवे.

आणि मग पैसा. ४ डिसेंबर २०२३ ते २५ जानेवारी २०२४ या काळात महाराष्ट्रातल्या अंगणवाडी सेविका-मदतनीसांनी ५२ दिवस संप केला. त्या वेळी सेविकेचे मानधन महिना दहा हजार रुपये होते. त्याच काळात प्राथमिक शाळेतल्या शिक्षणसेवकाला सोळा हजार मिळत आणि तीन वर्षांनंतर त्याला नियमित वेतनश्रेणी लागते. सेविकेचे मानधन पुढे वाढले, पण ती आजही मानधनावरच आहे. एप्रिल २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गुजरातमधल्या प्रकरणात अंगणवाडी कार्यकर्त्यांना ग्रॅच्युइटीचा हक्क आहे असा निर्णय देताना हे मानधन म्हणजे वेतनच आहे, असे म्हटले. तरीही सेविका आणखी शिकली तर तिला काय मिळणार, याचे उत्तर व्यवस्थेकडे नाही. पदविका घेतल्यावर वेतन वाढत नसेल, हुद्दा बदलत नसेल, तर घर, शेत आणि अंगणवाडी सांभाळून ती रात्री अभ्यास कशासाठी करील? तिला ध्येयवादाचे धडे देण्याचा नैतिक अधिकार तिला वेतनश्रेणी नाकारणाऱ्या कोणालाही नाही.

‘सरकारकडे एवढा पैसा कुठे आहे?’ हा आक्षेप येणारच. त्याला एक ठोस उत्तर आहे. दोन हजारच्या दशकात राज्यात डी.एड. महाविद्यालयांचे पीक आले. पुढे भरती थांबली, विद्यार्थी आटले, अनेक विद्यालये बंद पडली, काही जेमतेम तग धरून आहेत. त्या इमारती, ग्रंथालये, अध्यापकाचार्य यांचा उपयोग पूर्वप्राथमिक पदविकेसाठी करता येईल. सातारा जिल्ह्याची शिक्षण व प्रशिक्षण संस्था फलटणलाच आहे, सांगलीची स्वतःची वेगळी आहे. नव्या संस्था काढण्याची गरज नाही, असलेल्यांना नवे काम देण्याची गरज आहे. अडचण खात्यांची आहे: अंगणवाडी महिला व बालविकास विभागाकडे, शाळा शालेय शिक्षण विभागाकडे. जिल्हा परिषदेच्या एकाच इमारतीत बसणाऱ्या या दोन विभागांनी एकत्र बैठक घेणे हे काही अवघड काम नाही.

गरज आहे ती वर्षभराच्या प्रशिक्षणाची. सुरुवातीला सलग दोन-तीन आठवडे, मग दर महिन्याला दोन दिवस, आणि मधल्या काळात मार्गदर्शकाने महिन्यातून एकदा अंगणवाडीत येऊन पूर्ण वेळ बसणे. प्रत्येक बीटमध्ये एक अंगणवाडी अशी घडवावी की बाकीच्या सेविकांनी तिथे येऊन शिकावे. वर्ष पूर्ण करणाऱ्या सेविकेला मान्यताप्राप्त प्रमाणपत्र आणि त्याबरोबर कायमची वेतनवाढ मिळावी. बारावी झालेल्या तरुणींना पूर्वप्राथमिक पदविका घेतल्यावर सेविका आणि मुख्यसेविका या दोन्ही पदांच्या भरतीत प्राधान्य मिळावे, म्हणजे हे करिअर निवडणारी मुलगी पुढे कुठे जाणार हे तिला आधी दिसेल. खासगी नर्सरीलाही हीच पात्रता लागू करावी, सध्या शिकवणाऱ्या बाईंना ती मिळवायला चार-पाच वर्षांची मुदत द्यावी.

यातले बरेचसे राज्य सरकारच्या निर्णयावर अवलंबून आहे, पण सुरुवात जिल्ह्यातून होऊ शकते. सातारा जिल्हा परिषदेने पाटण तालुक्यात आणि सांगली जिल्हा परिषदेने जत तालुक्यात येत्या शैक्षणिक वर्षापासून हा वर्षभराचा कार्यक्रम सुरू करावा आणि तालुक्यातली एकही सेविका त्यातून वगळू नये. पालकांनीही पुढच्या जूनमध्ये मुलाचा प्रवेश घेताना शुल्काच्या आधी एक प्रश्न विचारावा: या वर्गाच्या बाई लहान मुलांना शिकवायला कुठे आणि किती दिवस शिकल्या आहेत?